कातारीमामा

आमच्या तानसा खोऱ्याची ओळख मुंबईकरांना पाण्यामुळे झाली. १८९२ साली तानसा नदीवरचे दगडी धरण पुरे झाले, व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांनी त्याचे उद्घाटन केले आणि तेव्हापासून शहापूर तालुक्यातल्या डोंगरांवर पडणारा पाऊस मोठमोठ्या नळांतून मुंबईस जाऊ लागला. आम्ही मुले त्या नळांच्या कडेने शाळेत जात असू. नळाला कान लावला म्हणजे आत पाण्याचा खोल घोष ऐकू येई. गावात तेव्हा वीज आलेली नव्हती, मोटारी क्वचितच दिसत. त्यामुळे लहानसहान आवाजही दूरवर पोहोचत. त्यांतला एक आवाज शाळा सुटली की मला हाका मारी. घर्र... क्षणभर विसावा, पुन्हा घर्र... असा तो आवाज होता. आटगावच्या रस्त्याला लागून कुडाच्या भिंतींची एक पडवी होती, तेथून तो येई. त्या पडवीत कातारीमामा लाकूड कातीत बसलेले असत.

त्यांचे पाळण्यातले नाव गावात फारसे कोणी घेत नसे. मोठी माणसे त्यांना ‘कातारी’ म्हणत आणि आम्ही मुले ‘कातारीमामा’. लाकूड फिरते ठेवायचे आणि त्याला हत्यार लावून गोल आकार द्यायचा, हा कातारी लोकांचा धंदा. सुताराचे काम बहुतेक सरळ रेषेचे. दार, चौकट, फळी, तुळई हे त्याचे राज्य. लाटणे, पोळपाट, ताकाची रवी, पलंगाचे खूर, पाळण्याचे खांब, कुंकवाचा करंडा आणि आम्हां मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असा भोवरा, ही सारी कातारीच्या हातची कामे.

आमच्या भागात कातकऱ्यांच्या वाड्या पुष्कळ आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. कातारी हाही त्यांचाच कोणी भाऊबंद असला पाहिजे, असे मी लहानपणी ठामपणे समजत असे आणि मामांच्या पडवीत कात कुठे ठेवला आहे हे चोरून शोधीतही असे. पुढे एम. ए.चा अभ्यास करताना संस्कृतातल्या धातूंशी गाठ पडली. ‘कृत्’ या नावाचे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे आणि दुसऱ्याचा सूत कातणे. मराठीत आपण सूत कातो आणि लाकूडही काततो. ते पान वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मामांची पडवी उभी राहिली. तेथे दोन्ही धातू एकाच वेळी नांदत होते. लाकूड चातीसारखे फिरत होते आणि फिरता फिरता कापले जात होते.

मामांचे यंत्र अगदी साधे होते. जमिनीलगत दोन जाड ठोकळे. एक पक्का रोवलेला आणि दुसरा पुढेमागे सरकवता येणारा. प्रत्येकात लोखंडाचे एक अणकुचीदार टोक बसवलेले. या दोन टोकांच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवायचा, त्याच्याभोवती दोरीचे दोन वेढे द्यायचे आणि एका माणसाने समोर बसून दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची. एक टोक ओढले की लाकूड कातारीच्या दिशेने फिरे, दुसरे ओढले की उलट जाई. हत्यार लावायचे ते लाकूड आपल्याकडे येत असतानाच. ते उलटे फिरू लागले की हत्यार किंचित मागे घ्यायचे. मघाशी सांगितलेला आवाजातला विसावा तो हाच. मामा जमिनीवर बसत, पटाशीची मूठ हाताने धरीत आणि तिचे पाते पायाच्या बोटांनी आधारपट्टीवर सांभाळीत. त्यांच्या पायांची बोटे आमच्या हातांच्या बोटांहून शहाणी होती.

दोरी ओढण्याचे काम मामी करीत. संध्याकाळी त्यांना चुलीकडे जावे लागे, तेव्हा ते काम माझ्याकडे येई. मजुरी ठरलेली होती. आठ दिवसांच्या दोरीला एक भोवरा. मी दहा वर्षांचा असेन. हे १९७० साल. त्याच वर्षी तानसा अभयारण्य जाहीर झाले. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात मी दोरीला असा हिसका दिला की पटाशी लाकडात रुतली आणि जवळजवळ पुरी झालेली रवी मधोमध चिरली. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. मामांनी चिरलेली रवी बाजूला ठेवली, दुसरे लाकूड चढवले आणि ते म्हणाले, “झटका नको, पोरा. गाईची धार काढतोस ना, तशी ओढ. एक सड, मग दुसरा.”

गाईची धार मला काढता येत होती, म्हणून दोरीही जमली. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात मी इजिप्तमधल्या पेटोसिरिसच्या थडग्यातील चित्र पाहिले. ते इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांचे आहे आणि लाकूड कातण्याच्या यंत्राचे सर्वांत जुने चित्र म्हणून ते दाखवले जाते. त्यात दोन माणसे आहेत. एक हत्यार धरणारा आणि दुसरा दोरी ओढणारा. विद्वानांचे लक्ष साहजिकच हत्याराकडे जाते. माझे डोळे मात्र त्या दोरीवाल्यावरून हलेनात. इतक्या दूरच्या देशात आणि इतक्या जुन्या काळात मला माझा सहकारी भेटला होता.

दोरी ओढता ओढता मी झाडे शिकलो. शाळेत पाने दाखवून झाडे ओळखायला शिकवीत. मामा झाडाच्या आतून सुरुवात करीत. सागाला तेलाचा हात लागल्यासारखा चिकट वास असतो. शिसव जड आणि काळसर. ती पटाशीची धार खाते. शिवण हलकी, रंगाने फिकट, वाळताना फारशी न वाकणारी. म्हणून पाळण्याला चांगली. बिबळ्याच्या पेल्यात रात्री पाणी ठेवले तर सकाळी ते तांबूस-पिवळे होते. मधुमेहाचे लोक ते पाणी पितात. त्याने गुण येतो की नाही ते वैद्यांनी सांगावे, पेले मात्र मामांनी पुष्कळ कातले. पण त्यांचे सर्वांत आवडते झाड हेदू. रंगाने पिवळे, अंगाने एकसारखे, कोठे फाटा नाही की तंतू उचकटत नाही. हेदूवर धारदार पटाशी चालू लागली म्हणजे सोललेल्या फळाच्या सालीसारखी लांबच लांब वेटोळी निघत आणि मामांच्या मांडीवर साठत. त्या वेटोळ्या मी घरी नेई आणि आई त्यांवर चूल पेटवी.

एकदा मी हट्ट धरला की मला आजच्या आज पेला पाहिजे. मामांनी त्या दिवशी तोडलेल्या ओल्या लाकडाचा एक सुरेख गोल पेला करून माझ्या हाती दिला आणि ते काहीसे हसले. आठ दिवसांनी पाहतो तो पेल्याचे तोंड लांबट झालेले आणि एका बाजूस तडा गेलेला. मी रडत गेलो, तेव्हा त्यांनी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बोट फिरवून दाखवले. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आटत नाही. गाभ्याकडून सालीकडे ते जितके आटते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वर्षाकड्यांच्या वळणाने आटते. म्हणून ओला गोल वाळला की लंबगोल होतो. शास्त्रीय भाषेत हे मी नंतर वाचले. मामांची भाषा निराळी होती. “झाड मेलं तरी आठ-दहा महिने त्याला कळत नाही,” ते म्हणाले. “तोवर त्याला हात लावायचा नाही.”

मी शहापूरला हायस्कुलात जाऊ लागलो आणि दोरी सुटली. त्याच सुमारास मामांचाही गाव सुटला. कल्याण-भिवंडीच्या बाजारात विजेच्या लेथवर कातलेली लाटणी आणि खूर येऊ लागले होते. लेथवर लाकूड एकाच दिशेने, न थांबता आणि कितीतरी वेगाने फिरते. दोरीचा अर्धा वेळ तर उलट फिरण्यात फुकट जातो. मामांच्या लाटण्याला किंमत परवडेना. त्यांनी मुंबईस जाऊन बॉबिनी तयार करण्याच्या एका कारखान्यात नोकरी धरली.

कापडगिरण्यांत सूत ज्या लाकडी नळीवर गुंडाळतात ती बॉबिन. आज ती प्लास्टिकची असते. त्या वेळी गिरण्यांना लाकडी बॉबिनी आणि धोटे ढिगांनी लागत. बॉबिनीसाठी हेदू आणि कळंब ही लाकडे विशेष पसंत केली जात. मामांना याचे मोठे नवल वाटे. ज्या झाडाच्या रव्या नि करंडे आपण गावात केले, तेच झाड येथे सूत गुंडाळायला आलेले! तानशाचे पाणी मुंबईला गेले, लाकूड गेले आणि त्यांच्या मागोमाग कातारीही गेला, असे ते सुट्टीला आले म्हणजे हसत सांगत.

कारखान्यातले काम निराळ्या शिस्तीचे होते. गावी एका पलंगाचे चार खूर केले तर त्यांत गुंजभर फरक असे आणि त्याची खंत कोणाला नसे. बॉबिन मात्र वेगाने फिरते; तिचा तोल केसाइतका ढळला तरी ती थरथरते आणि सूत तुटते. एक बॉबिन दुसरीसारखी, दुसरी तिसरीसारखी. मोजपट्टी लावून पाहणारा माणूस वेगळा. “तिथं हात चांगला झाला,” मामा म्हणत आणि थोड्या वेळाने पुस्ती जोडीत, “पण मी एकही वस्तू कोणाच्या हातात दिली नाही.” या वाक्याचा अर्थ मला त्या वयात लागला नाही.

पुढे प्लास्टिकच्या बॉबिनी आल्या आणि लाकडाचे काम रोडावले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा पूर्वीसारखे वाजलेच नाहीत. गिरण्यांवर जगणारे लहान कारखानेही एकामागून एक बंद पडले. मामा एक पत्र्याची पेटी, सात पटाश्या आणि पहिले पेर नसलेली डावी तर्जनी घेऊन गावी परतले.

मी १९८४ साली आमच्या भागातील एका शाळेत शिक्षक झालो. शाळेला कोणा दात्याने एक लेथ दिला होता. लोखंडी बैठकीचा, हिरव्या रंगाचा, लहान मोटारीचा. तो चालवणारे कोणीच नसल्यामुळे त्याच्यावर नकाशे वाळत घातले जात. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या परिषदेने शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे असा ठराव केला, हे आम्ही अध्यापन महाविद्यालयात पाठ केले होते. शाळेत मात्र उद्योगाचा तास म्हणजे मैदानातले गवत उपटण्याचा तास. मी तेव्हाच्या मुख्याध्यापकांकडे मामांचे नाव काढले. मानधन अगदी तुटपुंजे होते, तरी मामा आले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला “नमस्कार, मास्तर” असे म्हटले आणि मी संकोचाने अर्धा झालो. ज्यांनी मला ‘पोरा’ म्हणावे त्यांनी ‘तुम्ही’ म्हणणे मला सोसेना. मी तसे बोलूनही दाखवले. ते म्हणाले, “शाळेत शाळेसारखं.”

त्यांचा वर्ग पाहण्यासारखा असे. पहिले पंधरा दिवस लेथ सुरूच होत नसे. मुलांनी निसण्यावर पटाशीला धार लावायची आणि ती स्वतःच्या हातावरचा एक केस कापून दाखवायची. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या हव्यात, गळ्यात दोरा नको, मुलींच्या वेण्या वर बांधलेल्या पाहिजेत. लाकूड चढवल्यावर बटण दाबण्यापूर्वी ते हाताने एकदा पुरते फिरवून पाहायचे. कोठे अडत नाही ना याची खात्री करायची. यात कोणी चुकले तर मामा काही बोलत नसत. डावी तर्जनी वर करून दाखवीत. तेवढे पुरे होई. मग पटाशी कशी लावावी याचा धडा. “आधी पाठ टेकव, मग धार,” हे त्यांचे सूत्र होते. पटाशीच्या धारेमागचा उतार प्रथम फिरत्या लाकडावर नुसता घासू द्यायचा. मूठ हळूहळू उचलत न्यायची. धार लाकडाला शिवली की वेटोळी आपोआप सुटते. जो एकदम धार लावतो त्याची पटाशी रुतते. वाचनात सदा मागे राहणारी कित्येक मुले या तासाला पुढच्या बाकावर बसत. माझ्या मराठीच्या तासाला तीच मुले खिडकीबाहेर पाहत असत, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

असे चौदा वर्षे चालले. १९९६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर देशभर जंगलतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले. जंगलाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते; आमच्या तानशाच्या रानाने किती ओझे वाहिले होते हे आम्ही पाहत होतो. शाळेला मात्र लाकूड मिळणे अवघड झाले. मुले मोडक्या बाकांच्या पायांवर हात बसवू लागली. १९९८ साली मानधनही थांबले. मामा घरी बसले. पण दर जूनमध्ये शाळा उघडण्याच्या दिवशी सकाळी ते येत, लेथला तेल देत, पट्टा ताणून पाहत, पटाश्यांना धार लावीत आणि चहा घेऊन निघून जात. कोणी बोलावलेले नसे.

२००१ साली मी मुख्याध्यापक झालो. २००३ साली शाळेला संगणक मिळायचे ठरले आणि त्यांच्यासाठी एक कोरडी, बंदिस्त खोली हवी होती. अशी खोली एकच होती. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भंगारवाल्याला बोलावले, लेथ वजनावर विकला, पैसे शाळेच्या खात्यात भरले आणि जडसंग्रह नोंदवहीतील त्या नोंदीवर तांबड्या शाईने रेघ मारून सही केली. कागदोपत्री त्यात एकही चूक नव्हती. मामांना विचारावे असे मला सुचलेसुद्धा नाही. पुष्कळदा मी मनाशी म्हटले आहे की घाई होती, विसरलो. ते खरे नाही. मला आठवण होती आणि विचारायला गेलो तर हातून सही होणार नाही हेही ठाऊक होते.

जूनमध्ये शाळा उघडली. मामा तेलाची बाटली घेऊन आले. खोलीला नवा चुना दिला होता, भिंतीला लागून टेबले मांडली होती. लेथच्या बैठकीचे बोल्ट काढल्यावर जमिनीत राहिलेली चार भोके तेवढी बुजवायची राहिली होती. मामा त्या भोकांकडे पाहत उभे राहिले. मी संगणकांविषयी काहीतरी सांगू लागलो. मुलांचे भवितव्य, काळाची गरज, असे शब्द मी वापरले असावेत. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “पटाश्या तरी ठेवल्या का, साहेब?”

पटाश्या लेथबरोबरच गेल्या होत्या. त्यांतल्या तीन मामांच्या स्वतःच्या, मुंबईहून आणलेल्या होत्या, हे मला त्यानंतर आठवले. त्या दिवसापासून मी ‘साहेब’ झालो. रस्त्यात भेट झाली की मामा थांबत, हात जोडीत, प्रकृतीची चौकशी करीत. वागण्यात तिळमात्र उणेपणा नव्हता. पण ‘मास्तर’ म्हणणे संपले ते संपलेच.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो. संगणक चांगले चालले आणि त्यांवर शिकलेली मुले पुढे नोकऱ्यांस लागली, याचा मला आनंद आहे. लेथ काढल्यावाचून ते होणार नव्हते असे मात्र आज वाटत नाही. मागच्या अंगणात पत्र्याची एक पडवी घालता आली असती. तेवढाही विचार मी केला नाही.

२०१८ साली मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी माझ्या मुलीच्या घरी पाळणा हलण्याचे दिवस आले, तेव्हा आईने माळ्यावरचा जुना पाळणा खाली काढायला लावला. आईची आठवण पक्की होती. तो मामांच्या वडिलांनी दोरीवर कातलेला, माझ्या बारशाचा पाळणा. शिवणीचे चार खांब, त्यांवर लाल आणि पिवळे लाखेचे पट्टे. पैकी एक खांब वाळवीने पोखरला होता. शहरातून नवा पाळणा आणता आला असता. मी मोडका खांब आणि त्याचे तीन सोबती पिशवीत घातले आणि मामांच्या पडवीकडे निघालो. खांबाचे निमित्त होते हे मला कळत होते; मामांनाही ते कळले असणार.

मामा ऐंशीच्या घरात होते. दोन्ही हातांना कंप सुटला होता. पडवीत अंधार होता, म्हणून प्रथम मला काही दिसले नाही. मग दिसले. हिरव्या रंगाचा लोखंडी सांगाडा, आणि त्याच्या पायावर पांढऱ्या रंगाने, माझ्याच अक्षरात लिहिलेला शाळेचा जडसंग्रह क्रमांक.

मला बोलता येईना. मामींनीच सांगितले. ज्या दिवशी मामा शाळेतून परतले, त्याच दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले. लेथ अजून तुटला नव्हता. शाळेने ज्या भावाने विकला त्यावर किलोमागे दोन रुपये चढवून त्यांनी तो परत घेतला. त्या वर्षीचे बियाण्याचे पैसे त्यात गेले. सोळा वर्षे तो लेथ या पडवीत होता आणि त्या वाटेने जाताना मी एकदाही आत डोकावलो नव्हतो.

“खांब आणलाय का?” मामा म्हणाले. “दाखवा, साहेब.”

त्यांनी तीनही धड खांब उजेडात एकापुढे एक उभे केले आणि मला विचारले, “यातला कोणता करायचा?” मी म्हणालो, तिन्ही सारखेच तर आहेत. त्यांनी माझ्या हाती कॅलिपर दिला. मोजू लागलो तेव्हा कळले की एकाचा मणी जाड, दुसऱ्याची मान बारीक, तिसऱ्याचे पट्टे बोटभर वर चढलेले. माझ्या बारशापासून घरात असलेला पाळणा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. “बाबांकडे मोजपट्टी नव्हती,” मामा म्हणाले. “डोळ्यानं काढायचे. तुम्ही पण चौथा वेगळाच काढा.”

‘तुम्ही काढा’ हे मला नीट ऐकू आले की नाही अशी शंका आली. त्यांनी आपले थरथरणारे हात माझ्यापुढे धरले आणि पुन्हा काही बोलले नाहीत.

पुढचे पंधरा दिवस मी रोज तेथे गेलो. त्यांतले पहिले चार धार लावण्यातच गेले. मनगटावर केस उरला नाही. मग आंब्याच्या टाकाऊ लाकडावर खांब कातू लागलो. पहिल्याची मान तुटली. दुसऱ्यावर पटाशी रुतून तुकडा माझ्या कपाळाशेजारून उडाला. तेव्हा मामांनी तर्जनी वर केली आणि दुसऱ्या दिवशी मी चष्म्याच्या दुकानातून जाड काचांचा चष्मा घेऊन आलो. तिसरा आणि चौथा नुसतेच कुरूप झाले. “आधी पाठ, मग धार,” हे वाक्य मी शेकडो मुलांना ऐकताना पाहिले होते. त्याचा अर्थ माझ्या हाताला पाचव्या खांबाच्या वेळी कळला. पटाशी एकदम हलकी झाली आणि आंब्याच्या लाकडातूनही एक बरीशी वेटोळी निघाली. मामा बाजेवर पडून आवाज ऐकत असत, ते उठून बसले आणि मामींना म्हणाले, “माळ्यावरचा हेदू काढ.”

हेदूचा तो एकच तुकडा होता. शाळा सुटण्यापूर्वी कधी तरी त्यांनी तो बाजूला ठेवला होता. वीस वर्षांहून अधिक काळ तो चुलीच्या धुरावर वाळत होता. दुसरा मिळणे नव्हते. मी नको म्हणालो. शिवणीचे किंवा आंब्याचेच चालेल म्हणालो. मामांनी लक्षच दिले नाही.

तो खांब कातायला मला सबंध दिवस लागला. मामा माझ्या उजव्या हाताशी स्टूल टाकून बसले होते. ते मोजके बोलत. “खाली.” “थांब.” “आता मान.” दुपारी मान उतरली, चार वाजता शेवटचा मणी गोल झाला, काचकागदाचा हात फिरला. हेदू हळदीसारखा पिवळा झळकू लागला. आता फक्त लाखेचे पट्टे उरले. लाख लावायला रंग कालवावा लागत नाही की कुंचला लागत नाही; रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर बसते. मग वर केवड्याचे पान दाबले की तिला चकाकी येते. सावंतवाडीच्या चितार आळीतले कारागीर असोत की कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे, लाखेचा हा गुण सर्वांनीच कामी लावलेला आहे.

मामांनी लाल कांडी हातात घेतली; हे काम ते स्वतः करणार होते. मी बटण दाबले. खांब चार-सहा वेळा फिरला आणि थांबला. वीज गेली होती.

आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. बाहेर आभाळ भरून आले होते. तशा दिवशी आमच्याकडे गेलेली वीज लवकर येत नाही. मी म्हणालो, उद्या करू. मामा उठले, पडवीच्या कोपऱ्यातल्या खुंटीवरून त्यांनी काहीतरी काढले आणि लेथकडे आले.

“पट्टा काढ,” ते म्हणाले.

मी मोटारीवरचा पट्टा उतरवला. खांबाच्या न कातलेल्या टोकाला त्यांनी त्या जुन्या दोरीचे दोन वेढे दिले, तिची टोके माझ्या हातात ठेवली आणि कांडी दोन्ही मुठींत घट्ट धरून ते आधारपट्टीवर वाकले. मी समोर बसलो. माझे वय तेव्हा एकोणसाठ होते. पहिल्या ओढीला खांब जेमतेम अर्धा फिरला. म्हणून दुसऱ्या वेळी मी जोर लावला.

“झटका नको, पोरा,” मामा म्हणाले.

वितळलेल्या लाखेचा वास पडवीत भरला. पट्टा सरळ उमटेना. त्यांच्या हाताच्या कंपाबरोबर तो किंचित नागमोडी होत गेला. मामी केवड्याचे पान घेऊन शेजारी उभ्या होत्या. वीज रात्री आठ वाजता आली. तोवर दोन लाल आणि एक पिवळा असे तीनही पट्टे बसले होते.